वाचता येतं, मग अडतं कुठं? स्वमग्न प्रौढ, वाचन आणि आपलं नाशिक

आजचा विषय ऑटिझम, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात तो. पण सुरुवात आम्ही नळाच्या पाण्यापासून करणार आहोत.

आम्ही म्हणजे नाशिकमध्ये स्वमग्न मुलांसोबत, आणि आता मोठ्या झालेल्या त्याच मुलांसोबत काम करणारे काही विशेष शिक्षक आणि पालक. आमच्याकडे एक तरुण येतो. सिडकोत राहतो, वय २६. त्याचं वाचन ऐकत राहावं असं आहे. पेपर हातात दिला तर अग्रलेखापासून निविदा सूचनेपर्यंत सगळं न अडखळता वाचतो, एक जोडाक्षर चुकत नाही. एकदा त्याच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘जलवाहिनी दुरुस्तीच्या कामास्तव शनिवारी पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाण्याचा आवश्यक साठा करून सहकार्य करावे.’ आई परगावी गेली होती, शनिवारी पहाटे परतणार होती. यानं जाता-येता ती सूचना दोनदा मोठ्यानं वाचली. शनिवारी सकाळी नळ कोरडा, घरात एक हंडा भरलेला नाही. आई म्हणाली, ‘अरे, तू सूचना वाचली नाहीस का?’ ‘वाचली.’ ‘मग पाणी का नाही भरलंस?’ तर म्हणाला, ‘ते नागरिकांनी भरायचं होतं.’ (हशा)

आम्हीही त्या दिवशी हसलो होतो. पण नंतर ती सूचना पुन्हा वाचली, आणि लक्षात आलं की त्याच्या उत्तरात खोडसाळपणा नाही, आळसही नाही. अक्षरं सगळी त्याच्यापर्यंत पोचली होती. ‘नागरिक म्हणजे मी’, ‘साठा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला हंडा’, आणि ‘हे शुक्रवारी रात्रीच करायचं’ या तीन गोष्टी मात्र कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. आपण त्या मनातल्या मनात भरतो, आणि भरतो हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

आज सांगायचं आहे ते हेच. जे येतं ते दिसतं, आणि त्यामागे जे अडतं ते झाकलं जातं. वाचनात हे होतं आणि वयातही होतं. मुलगा खणखणीत वाचतो, म्हणजे त्याला समजतं असं आपण धरतो. मुलगा १८ वर्षांचा झाला, म्हणजे तो मोठा झाला असं कागद धरून चालतात. दोन्हीकडे आधार नेमका तिथंच थांबतो, जिथं त्याची खरी गरज सुरू होते. पण याच गोष्टीत एक वाटही आहे. ज्याला वाचता येतं, त्याला नीट लिहिलेला कागद हा रोजच्या जगण्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुकमी आधार होऊ शकतो.

‘स्वमग्न’ हा शब्द

आधी शब्दाबद्दल थोडं. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास वापरात आणला. ग्रीकमधलं ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरला होता. पुढं १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, आणि तिथून हा शब्द आज आपण घेतो त्या अर्थाकडे वळला. १९७९ साली लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी मांडली. त्यानंतर हळूहळू हे मान्य झालं की याचं एकच ठरावीक रूप नसतं. इंद्रधनुष्यात जसे रंग एकातून दुसऱ्यात मिसळत जातात, तशी याची रूपं आहेत. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी बोलायचं थांबत नाही. कुणाला अंघोळीलाही मदत लागते, कुणी इंजिनिअर असतो.

मराठीतला ‘स्वमग्न’ शब्द दिसायला सुंदर, पण जरा फसवा आहे. तो ऐकला की वाटतं, हा माणूस स्वतःच्याच तंद्रीत आहे, त्याला आपल्याशी देणंघेणं नाही. आमचा अनुभव उलटा आहे. पाणी भरायचं राहिलं म्हणून तो तरुण दिवसभर अस्वस्थ होता. त्याला मदत करायची होती, पण कशी करायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या देशात हे किती लोकांना आहे? २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. देशातल्या पाच ठिकाणची, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, २ ते ९ वर्षं वयाची ३,९६४ मुलं तपासली गेली. साधारण दर आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित कोणती ना कोणती अडचण दिसली. ऑटिझम हा त्यातला एक भाग. अपस्मार, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता हेही त्यात मोजलं होतं. आम्हाला लक्ष वेधायचं आहे ते वयाकडे. २ ते ९. जगभरात ऑटिझमवरचं बहुतेक संशोधन याच वयाभोवती फिरतं. मुलं मात्र तिथं थांबत नाहीत. त्या पाहणीतली मोठी मुलं आज मतदानाच्या वयाला आली आहेत.

वाचन हा गुणाकार आहे

आता वाचनाकडे. १९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं. अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं ही एक बाजू, आणि ती भाषा ऐकल्यावर समजणं ही दुसरी. समजून वाचणं म्हणजे या दोन्हींचा गुणाकार. बेरीज नव्हे, बरं का. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीनं भरून निघालं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य.

काही स्वमग्न मुलांमध्ये पहिली बाजू इतकी जोरदार असते की सगळे थक्क होतात. पंचवटी कारंज्यापासून शालिमारपर्यंत रिक्षातून जाताना साडेतीन वर्षांचं पोर दुकानांच्या सगळ्या पाट्या वाचतं, आणि घरात अजून ‘आई, पाणी दे’ असं वाक्य बोललेलं नसतं. याला ‘हायपरलेक्सिया’ म्हणतात. सिल्बरबर्ग दांपत्यानं १९६७ साली हे नाव दिलं. प्रत्येक स्वमग्न मुलात हे नसतं. काहींना अक्षर ओळखणंच फार जड जातं. पण जिथं असतं, तिथं घरचे स्वाभाविकच आनंदून जातात, आणि दुसऱ्या बाजूकडे बघायचं राहून जातं.

१९८३ साली यूटा फ्रिथ आणि मार्गारेट स्नोलिंग यांनी एक छान चाचणी वापरली. इंग्रजीत असे शब्द आहेत की लिहायला एकच, पण अर्थ बदलला की उच्चार बदलतो. एकाच शब्दाचा अर्थ एकदा अश्रू, एकदा फाडणं. वाक्य समजून वाचणारा उच्चार आपोआप बदलतो. त्या अभ्यासातल्या स्वमग्न मुलांना सुटे शब्द उत्तम येत होते, पण वाक्याच्या संदर्भानं उच्चार बदलायला त्यांना जड जात होतं.

तुम्ही म्हणाल, मराठीत असं कुठं असतं? असतं की. ‘जरा’ हा शब्द घ्या. ‘जरा थांब’ म्हणताना ‘जड’मधला ज येतो. ‘जरा आणि मरण कुणाला चुकलं?’ म्हणताना ‘जीवन’मधला ज. लिपीत दोन्ही एकच. कुठला ज म्हणायचा हे अक्षर सांगत नाही, वाक्य सांगतं. एरवी मात्र आपली देवनागरी मोठी सरळ आहे, जवळजवळ लिहिलं तसं वाचायचं. त्यामुळे एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की मूल काहीही वाचू शकतं, न समजलेलंसुद्धा. आणि आपल्या वर्गांत वाचनाची परीक्षा काय? ‘उभा राहा आणि धडा वाचून दाखव.’ त्या परीक्षेत ही मुलं पहिली येतात. अडचण पाचवी-सहावीनंतर दिसू लागते, जेव्हा प्रश्न येतो : ‘तिनं पत्र का लपवलं असेल?’

२००६ साली केट नेशन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ४१ स्वमग्न मुलांचं वाचन तपासलं. काहींना वाचताच येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांच्यापैकी जवळपास ६५ टक्के मुलांचं आकलन त्यांच्या वयाच्या मानानं स्पष्टपणे कमी होतं, उच्चार व्यवस्थित असूनसुद्धा. पुढं २०१३ साली ३६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, आणि त्यातून आशेची गोष्ट निघाली. ‘ऑटिझम आहे’ एवढ्यावरून आकलन कमी असेलच असं सांगता येत नाही. फरक पडतो तो शब्दांच्या अर्थाची जाण किती आहे आणि शब्द ओळखता किती येतात यानं. माणसामाणसांतले ताणेबाणे असलेला मजकूर जास्त अवघड जातो. याचा अर्थ यावर काम करता येतं.

काम कसं करायचं, याचा एक धागा २००४च्या एका छोट्या अभ्यासात मिळतो. ओकॉनर आणि क्लाइन यांनी २० किशोरवयीन मुलांना वेगवेगळ्या तऱ्हेनं मदत करून पाहिली. धड्याआधी प्रश्न देणं, गाळलेल्या जागा भरून घेणं, आणि तिसरी अगदी साधी युक्ती : ‘तो’, ‘ती’, ‘त्याला’ असं सर्वनाम आलं की थांबायचं आणि हे कोण ते ठरवायचं. खरा फायदा या तिसऱ्या युक्तीचा दिसला.

हे वाचलं तेव्हा आम्ही मराठीचा विचार केला. ‘सुरेशनं रमेशला सांगितलं की त्याची बस चुकली.’ कुणाची चुकली? आणि आपण तर सर्वनामही गाळतो. ‘भेटला, बोलला, निघून गेला.’ कोण? ‘करून घ्या.’ कुणी? ‘दोन दिवसांनी येऊन जा.’ मोजून दोन, की जमेल तेव्हा? त्यामुळे आम्ही आता कुठलाही कागद वाचताना तीनच प्रश्न विचारतो : कोण? काय? कधी? उत्तर कागदावर नसेल तर पेन्सिलीनं त्या ओळीच्या वर लिहायचं. ‘नागरिकांनी’ या शब्दावर ‘म्हणजे मी’ असं लिहायचं. २६व्या वर्षीसुद्धा हे शिकता येतं, आमच्या डोळ्यांसमोर शिकतात.

पहिला मुलगा म्हातारा झाला तेव्हा

आता मोठेपणाकडे येऊ. कॅनर यांच्या त्या ११ मुलांपैकी पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. जन्म १९३३, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट नावाचं छोटं गाव. आकड्यांचं विलक्षण वेड, माणसांकडे लक्ष नाही. कॅनर यांनी १९७१ साली या ११ जणांचं पुढं काय झालं ते लिहिलं, आणि आमच्या मते प्रौढांच्या सेवांविषयीचा तो पहिला मोठा धडा आहे.

डोनाल्ड लहानपणी काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्यांनी त्याचं मोजण्याचं वेड मोडायचा प्रयत्न केला नाही, त्याला कामाला लावलं. मोजायचंय ना? मग नांगरताना मक्याच्या ओळी मोज. विहीर खणताना तिची खोली माप. पुढं तो कॉलेजात गेला, फ्रेंच विषयात पदवी घेतली, गावातल्या बँकेत त्यानं अनेक दशकं नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरून आला. २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी त्याचं निधन झालं. त्याचं घर खातंपितं होतं, बँकेत कुटुंबाचा हिस्सा होता, हे विसरून चालणार नाही. पण गावानं त्याला सामावून घेतलं, हेही तितकंच खरं. त्याच ११ मुलांपैकी जी मोठ्या सरकारी संस्थांमध्ये टाकली गेली, त्यांचं होतं नव्हतं ते कौशल्यही तिथं विझत गेल्याचं कॅनर यांनी नोंदवलं आहे.

नंतरचे आकडे फारसे सुखावह नाहीत. २००४ साली पॅट्रिशिया हाउलिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ६८ स्वमग्न प्रौढांचा आढावा घेतला. स्वतंत्र जगणं, नोकरी, मैत्री हे सगळं मिळून साधारण २२ टक्के लोकांचं चांगलं चाललं होतं. ५८ टक्क्यांची अवस्था वाईट किंवा फारच वाईट होती. २०१० साली अमेरिकेतल्या टेलर आणि सेल्ट्झर यांनी २४२ जणांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहिल्या. शाळेत असताना वागण्यात आणि लक्षणांत जी सुधारणा होत होती, ती शाळा सुटल्यावर मंदावली. मुलगा तोच, मेंदू तोच. बदललं काय? सकाळी उठून जायची जागा गेली.

आणि जागा मिळाली तर? पॉल वेमन यांच्या गटानं २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळेच्या शेवटच्या वर्षातली ४० स्वमग्न मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला रुग्णालयात प्रत्यक्ष कामावर नऊ महिने ठेवलं, सोबत शिकवणारा माणूस, ज्याला तिकडे जॉब कोच म्हणतात. या गटातल्या २४ पैकी २१ जणांना रीतसर पगाराची नोकरी लागली. दुसऱ्या, नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्या गटातल्या १६ पैकी एकाला. प्रयोग छोटा आहे, अमेरिकेतला आहे. पण त्यात महागडं औषध नाही, यंत्र नाही. कामाचे तुकडे पाडून दाखवणं, ते लिहून देणं, आणि शेजारी एक माणूस.

आपल्याकडे काय आहे

नाशिकला हे सगळं अगदीच परकं नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली इथं प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं सुरू झालेली ती धडपड पुढं कितीतरी घरांच्या उपयोगी आली. त्या वेळी ‘ऑटिझम’ हा शब्द इथं फारसा कुणाच्या तोंडी नव्हता, सगळ्यांना ‘मतिमंद’ या एकाच शब्दात बसवत. पिंपळगाव बहुला इथं विद्याताई फडके यांचं ‘घरकुल’ आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलींचं हक्काचं घर. शाळेनंतर काय, आणि आई-वडिलांनंतर काय, हे दोन्ही प्रश्न या शहरात फार आधी विचारले गेले आहेत.

आता कायदा. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रकार २१ झाले आणि ऑटिझमला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. म्हणून आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांच्या जुन्या कागदांवर ‘मतिमंदत्व’ एवढंच लिहिलेलं सापडतं. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात ४० विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० किंवा जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात.

आता एक गोष्ट पालकांनी नीट ऐका. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीनं ते सज्ञान. आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेच्या खिडकीवर हे पहिल्यांदा कळतं, आणि पायाखालची जमीन सरकते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. त्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकत्वाचा अर्ज तिथं करायचा. पण अर्ज करण्याआधी थांबून विचार करा : सगळ्याच बाबतीत दुसऱ्यानं सही करायची गरज आहे का? २०१६चा कायदा मर्यादित पालकत्वाची गोष्ट करतो. म्हणजे जिथं गरज आहे तिथं, गरजेपुरता, दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. आमच्या तरुणाला घर विकण्याचा करार समजणार नाही. पण महिन्याला स्वतःच्या खात्यातून किती पैसे काढायचे, हे नीट लिहून दिलं तर तो ठरवू शकतो. जे समजू शकतं तेही आपण काढून घ्यायचं का?

‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. त्याच कायद्यात ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात ब्रेल आहे, खुणांची भाषा आहे, मोठी अक्षरं आहेत, आणि ‘साधी सोपी भाषा’ हीसुद्धा आहे. उतारावरून चाकाची खुर्ची जाते, तसा सोप्या वाक्यावरून अर्थ जातो. रॅम्पची मागणी आपण करतो, सोप्या वाक्याची करत नाही.

शहरानं काय करावं

त्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी आम्ही बोललो. भले माणूस. पुढच्या वेळी सूचना अशी लागली :

‘शनिवारी नळाला पाणी येणार नाही.
शुक्रवारी रात्री १० वाजेपर्यंत प्रत्येक घरानं पाणी भरून ठेवावं.
कमीत कमी दोन हंडे आणि दोन बादल्या भरा.
रविवारी सकाळी पाणी येईल.
रविवारीही पाणी आलं नाही तर सेक्रेटरींना फोन करा.’

शुक्रवारी रात्री आमच्या तरुणानं स्वतःच्या घरचं पाणी भरलं, आणि शेजारच्या आजींचंही. गंमत म्हणजे सूचना सोपी केल्याबद्दल सेक्रेटरींचे आभार मानले ते वॉचमननं, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बिहारच्या भाडेकरूंनी आणि आजींनी.

शेवटची ओळ पाहा. ‘आलं नाही तर काय?’ हे लिहिणं फार गरजेचं आहे. स्वमग्न माणसाला ठरलेलं मोडलं की जो त्रास होतो, त्यातला बराचसा पुढं काय करायचं हे माहीत नसल्यामुळे होतो. सिटीलिंकच्या बसनं कामावर जाणाऱ्या आमच्या मुलांच्या खिशात एक कार्ड असतं. एका बाजूला बस नंबर, थांबा, वेळ. दुसऱ्या बाजूला : ‘बस २० मिनिटांत आली नाही तर आईला फोन करायचा. तोपर्यंत थांब्यावरच उभं राहायचं.’ २०२७ साली सिंहस्थ आहे. रस्ते बंद होतील, थांबे बदलतील, भोंगे आणि गर्दी. ज्यांच्या कानाला कुकरची शिट्टीसुद्धा टोचते, त्यांचे ते महिने कसे जातील? वाहतुकीचे बदल चार साध्या वाक्यांत आणि नकाशावर आधी कळले, तर कितीतरी घरांची तयारी होईल.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांना आमचं एवढंच सांगणं : आमच्या मुलांना मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ असं विचारू नका. कामावर बसवून दोन तास पाहा. मोजणं, जुळवणं, वर्गवारी, तपासणी यात काहीजण तुम्हाला चकित करतील. सूचना तोंडी नको, लिहून द्या. ‘जमेल तसं आवरून घे’ असं न लिहिता ‘५ वाजता टेबल पुसायचं, खोकी डावीकडच्या मांडणीत ठेवायची’ असं लिहा.

आणि वाचनालयं. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून आहे. वाचनालयाइतकी स्वमग्न प्रौढाला मानवणारी दुसरी जागा आम्हाला दिसत नाही. शांतता, ठरलेली वेळ, क्रमानं लावलेली पुस्तकं, आणि कुणी ‘लग्न कधी?’ विचारत नाही. (हशा) शहरातल्या प्रत्येक वाचनालयानं आठवड्यातून एक तास अशा तरुणांसाठी द्यावा. चारजण, एक स्वयंसेवक, पेपरातली एक बातमी, आणि तीन प्रश्न : कोण, काय, कधी. तज्ज्ञच हवा असंही नाही. गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना शिकवलं, आणि पालक व मूल यांच्यातला संवाद सुधारला. ते लहान मुलांचं होतं, पण मनुष्यबळ कुठून आणायचं याचं उत्तर त्यात आहे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका ताईंची चिठ्ठी आहे : ‘माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, बोलत नाही. त्याला या वाचनाचा काय उपयोग?’ ताई, बोलत नाही म्हणजे समजत नाही, असंही धरू नका. हाही दिसण्या-असण्यातलाच फरक. अक्षरं ओळखत असेल तर शब्दांची कार्डं, नसेल तर फोटो. सकाळपासून रात्रीपर्यंतची कामं क्रमानं भिंतीवर लावा, झालेलं कार्ड त्याला काढून डब्यात टाकू द्या. पण कार्ड फक्त आपण हुकूम द्यायला वापरू नका. ‘नको’, ‘थांबा’, ‘दुखतंय’ ही तीन कार्डं त्याच्या हातात आधी द्या.

दुसरी चिठ्ठी. एकच ओळ आहे, खाली नाव नाही. ‘आमच्यानंतर काय?’

हा प्रश्न येणार हे माहीत होतं, कारण आमच्यातल्या पालकांच्या उशाशीही तो रोज रात्री असतो. पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. निवासी घरं हवीत, गरजेच्या मानानं ती फारच थोडी आहेत, त्यासाठी भांडावं लागेल. पण त्याची तयारी आजपासून करता येते, आणि ती एका वहीपासून सुरू होते. आमच्या घरांतून आम्ही ही वही करायला लावतो. आपलं मूल काय खातं, कशाला घाबरतं, घाबरलं की काय केल्यानं शांत होतं, कुठलं औषध किती वाजता, कागदपत्रं कुठं आहेत, कुणावर त्याचा विश्वास आहे. आपण हे सगळं डोक्यात ठेवलेलं असतं, त्या फळ्यावरच्या सूचनेसारखं : निम्मं लिहिलेलं, निम्मं गृहीत. आपण नसताना ते गृहीत धरलेलं कुणालाच वाचता येणार नाही.

आमच्या त्या तरुणानं स्वतःची वही स्वतः लिहायला घेतली आहे. आईनं आणि त्यानं मिळून. पहिल्या पानावर त्यानं लिहिलंय : ‘मला सगळं वाचता येतं. समजलं नाही तर मी विचारतो. विचारल्यावर रागावू नये.’

तेवढं आपण सगळे करू शकू.